संगणकांतलें दप्तर आणि फेरफाराची नोंद

सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं दोन गोष्टी बहुधा एकत्र नांदतांना दिसतात. घरांतील एखादा मुलगा, मुलगी किंवा सून पुण्यामुंबईच्या संगणक-कंपनींत कामास असते, आणि त्याच घराच्या नांवावर कोठेंतरी वडिलोपार्जित जमिनीचा एखादा तुकडा असतो. तरुण मंडळी नेमकें काय काम करितात हें वडील मंडळींस नीटसें सांगतां येत नाहीं. आणि जमिनीचे कागद कसे वाचावे हें तरुण मंडळींस ठाऊक नसतें. वास्तविक हीं दोन्ही कामें एकमेकांचीं सख्खीं भावंडें आहेत. मोठ्या संस्थेचा डेटाबेस, म्हणजे तिच्या सर्व नोंदींचें कोठार, व त्या कोठाराच्या पोटांत चालणाऱ्या आज्ञावली कशा सांभाळाव्या, त्यांत बदल कोणीं व कसा करावा, त्यासाठीं कोणतीं हत्यारें वापरावीं, हे संगणक-व्यवसायांतील नित्याचे प्रश्न होत. त्यांचीं बरींचशीं उत्तरें आपल्या तलाठ्याच्या दप्तरांत कित्येक वर्षांपासून लिहिलेलीं आहेत. तीं कशीं, हें कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या उदाहरणानें पाहूं.

दोन तालुक्यांची जमीन

कर्जत व खालापूर हे बोरघाटाच्या पायथ्याशीं वसलेले रायगड जिल्ह्यांतील तालुके. समुद्र येथून दूर. भाताचीं खाचरें, डोंगर आणि पावसाळ्यांतील ओढे हें येथील वैभव. घाट चढणाऱ्या गाड्यांस मागून रेटा देणारीं इंजिनें कर्जतास जोडतात. खालापूर तालुक्यांतील खोपोलीस टाटांचें जलविद्युत्-केंद्र सन १९१५ त सुरू झालें. आणि पुढें मुंबई-पुणें द्रुतगति महामार्ग याच मुलुखांतून गेला. दोन मोठ्या शहरांच्या मधोमध सांपडल्यामुळें येथील जमिनीस आलेला भाव भाताच्या उत्पन्नाशीं मुळींच जुळत नाहीं. शेतघरें, वसाहती, कारखाने यांसाठीं गुंठ्या-गुंठ्यांचे व्यवहार होतात. त्याच डोंगरांत ठाकूर व कातकरी या आदिवासी जमातींच्या वाड्या आहेत, आणि आदिवासींची जमीन सरकारी परवानगीवांचून इतरांस घेतां येऊं नये असा कायद्याचा निर्बंध आहे. अशा ठिकाणीं सातबाऱ्यावरील एक ओळ चुकली, किंवा 'इतर अधिकार' या रकान्यांतील एक शेरा गळाला, तर एखाद्या कुटुंबाच्या पायांखालची जमीन जाऊं शकते. कारण हक्कनोंदणींतील लेख, उलट सिद्ध होईपर्यंत, खरा मानावा असेंच कायदा सांगतो.

या धोक्याची जाणीव आपल्या महसुली पद्धतींत पूर्वींपासून आहे. सातबारा हा दोन नमुन्यांचा मिळून झालेला उतारा. नमुना सात हक्कांचा, नमुना बारा पिकांचा. परंतु हक्काच्या बाबतींत या उताऱ्यावर थेट लेखणी चालविण्याची मुभा कोणासही नाहीं. खरेदी, वारसा, वांटणी, बोजा, कांहींही झालें तरी तें आधीं गांव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, हींत क्रमांक देऊन चढवावें लागतें. सन १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या १५० व्या कलमाप्रमाणें त्या नोंदीची प्रत चावडींत लावावयाची, संबंधितांस सूचना द्यावयाची आणि हरकतीसाठीं पंधरा दिवस थांबावयाचें. हरकत आली तर ती निराळ्या वहींत लिहून तिचा निर्णय करावयाचा. नंतर ती नोंद प्रमाणित करावयाची ती ज्यानें लिहिली त्या तलाठ्यानें नव्हे, तर मंडळ अधिकारी किंवा त्याच्या वरचा अंमलदार यानें. तोंपर्यंत हस्तलिखित सातबाऱ्यावर फेरफाराचा उल्लेख पेन्सिलीनें करीत. प्रमाणित झाल्यावरच शाई चाले. आणि जुन्या मालकाचें नांव खरवडून काढीत नसत. त्यास कंस करीत, व शेजारीं नव्या फेरफाराचा क्रमांक देत. म्हणून पन्नास वर्षांनंतरही, हें नांव कोठून आलें, असें विचारणाऱ्यास क्रमांकांच्या पायऱ्यांनीं मागें मागें जातां येतें.

वही गेली, संगणक आला

हें दप्तर संगणकांत नेण्याचा उद्योग बराच जुना आहे. भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग मध्यवर्ती सरकारनें सन १९८८-८९ त देशांतील आठ जिल्ह्यांत सुरू केला. त्यांत महाराष्ट्रांतून वर्धा जिल्हा निवडला होता. पुढें सर्व तालुक्यांचे सातबारे संगणकावर आले आणि ई-फेरफार ही प्रणाली सुरू झाली. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलें कीं त्याची खबर आतां तलाठ्याच्या, म्हणजे ज्यास हल्लीं ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्या, संगणकावर आपोआप पोंचते. सन २०१७ त गांवोगांवीं चावडी-वाचन झालें; संगणकांतील सातबारा ग्रामस्थांसमोर मोठ्यानें वाचून मूळ हस्तलिखिताशीं ताडून पाहण्याचा तो उपक्रम होता. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. आजच्या छापील उताऱ्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीख असते, आणि एखादा फेरफार प्रलंबित आहे कीं काय हेंही तेथेंच दिसतें. जुनी पेन्सिल नव्या वेषांत टिकली, ही समाधानाची गोष्ट होय.

परंतु वहींत आणि संगणकांत एक मोठा भेद आहे, आणि या लेखाचें सारें मर्म त्यांत आहे. वही केवळ नोंदी धरून ठेवते. विचार करणारा कारकून वहीच्या बाहेर असतो. डेटाबेसमध्यें नोंदी असतात आणि कारकुनाचें डोकेंही तेथेंच असतें. एडगर कॉड यांनीं सन १९७० त माहिती तक्त्यांच्या रूपानें मांडण्याची उपपत्ति प्रसिद्ध केली. बँका, विमा, रेल्वे, रुग्णालयें यांचे बहुतेक डेटाबेस तिच्याच पायावर उभे आहेत. या तक्त्यांबरोबर डेटाबेसच्या पोटांतच लहानमोठ्या आज्ञावली साठविलेल्या असतात. क्षेत्राची बेरीज जुळते कीं नाहीं हें कोणी पाहते. एक नोंद बदलतांच दुसरी आपोआप बदलण्याचें काम दुसरी करिते. तिसरी उतारा तयार करून देते. मोठ्या संस्थेंत अशा आज्ञावली हजारोंनीं मोजाव्या लागतात, आणि त्या लिहिणारे पुष्कळसे लोक केव्हांच नोकरी सोडून गेलेले असतात.

अशी एखादी आज्ञावली चुकली तर काय होतें, हें एका कल्पित उदाहरणावरून ध्यानांत येईल. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. दोन्ही मापें जवळजवळ सारखीं, म्हणून एखाद्यानें 'एक गुंठा बरोबर एक आर' असें सोयीसाठीं लिहून टाकलें अशी कल्पना करा. दहा एकरांचे चारशें गुंठे होतात. त्यांचें खरें क्षेत्र ४०,४६८ चौरस मीटर, पण ही आज्ञावली तें ४०,००० सांगेल. म्हणजे साडेचार गुंठ्यांहून अधिक जमीन कोणीही न चोरतां नाहींशी झाली! तलाठ्याची लेखणी चुकली तर एका खातेदाराचें नुकसान होतें. आज्ञावली चुकली तर ती ज्या ज्या खात्यास स्पर्श करील त्या सर्वांचें होतें, आणि तेंही एका रात्रींत. असें असतां एका नांवाच्या बदलासाठीं आपण क्रमांक, सूचना, पंधरा दिवस आणि दुसऱ्याची सही मागतों. मग ज्या आज्ञावलीवर लाखों नांवें अवलंबून, तिच्यांतील बदल एकट्या मनुष्यानें, रात्रीं, कोणास न सांगतां कां करावा? तरीही कित्येक संस्थांतून तो तसाच होतो. आज्ञावलीसही फेरफार-नोंदवही हवी, एवढेंच आमचें सांगणें आहे.

नोंदवहीचे नियम

पहिला नियम क्रमांकाचा. साधा कार्यक्रम बदलणें म्हणजे जुनी छत्री टाकून नवी घेण्यासारखें आहे. डेटाबेस बदलणें म्हणजे माणसें राहत असतां घराची डागडुजी करण्यासारखें. तक्ता फेंकून नवा आणतां येत नाहीं, कारण त्यांत लोकांच्या नोंदी असतात. आहे त्या तक्त्यास नवा रकाना जोडावा लागतो. म्हणून प्रत्येक बदलाचा एक स्वतंत्र लेख करावा, त्यास अनुक्रमांक द्यावा, आणि ते लेख त्याच क्रमानें प्रत्येक ठिकाणीं चालवावे. कोणत्या डेटाबेसवर कोणत्या क्रमांकापर्यंत मजल आली, हें त्या डेटाबेसमध्येंच लिहून ठेवावें. फ्लायवे, लिक्विबेस यांसारखीं हत्यारें हेंच काम करितात. आज्ञावलींचा मूळ मसुदा मात्र डेटाबेसच्या बाहेर, आवृत्तींची नोंद ठेवणाऱ्या भांडारांत असावा. अशा भांडारांसाठीं आज सर्वत्र वापरलें जाणारें 'गिट' हें हत्यार लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं सन २००५ त तयार केलें. कोणती ओळ, कोणीं, केव्हां व कशासाठीं बदलली, हें त्यांत राहतें. कर्जतच्या संशोधन-केंद्रानें भाताचीं वाणें काढलीं तीं 'कर्जत-३', 'कर्जत-७' अशा क्रमांकांनीं. त्यामुळें कोणतें बियाणें खाचरांत पडलें याविषयीं शेतकऱ्यास संशय राहत नाहीं. 'शेवटचें', 'खरोखर शेवटचें', 'शेवटचें नवें' अशा नांवांनीं धारिका सांभाळणाऱ्या तरुणांनीं हा धडा घ्यावा.

दुसरा नियम कंसाचा. चूक सांपडली तर मागील लेख पुसून टाकूं नये. दुरुस्तीचा नवा लेख पुढल्या क्रमांकानें लिहावा. सातबाऱ्यांतील लेखनदोष सुधारण्यासाठीं कायद्यांत १५५ वें कलम आहे. पण तेथेंही दुरुस्ती रीतसर आदेशानें होते आणि तिची खूण मागें राहते. ज्या दप्तरांत चुकांच्या खुणा मुळींच नाहींत तें दप्तर निर्दोष नसून संशयास्पद असतें.

तिसरा नियम दुसऱ्या सहीचा. ज्यानें आज्ञावली लिहिली त्यानेंच ती चालू डेटाबेसवर चढवूं नये. दुसऱ्या जाणत्या मनुष्यानें ती ओळीनें वाचून संमति द्यावी. यांत अविश्वासाचा प्रश्न नाहीं. आपण लिहिलेल्या पत्रांतील चूक आपल्यास दिसत नाहीं व शेजाऱ्यास चटकन् दिसते, हा सर्वांचाच अनुभव आहे. बदलापूर्वीं त्या माहितीवर अवलंबून असणाऱ्या इतर विभागांस सूचनाही द्यावी. हीच त्यांची चावडीवरील नोटीस.

चौथा नियम नांवाचा. महाराष्ट्रांत कर्जत नांवाचे तालुके दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यांत, दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यांत. शिवाय रायगड जिल्हा सन १९८१ पूर्वीं कुलाबा होता, आणि अहिल्यानगर हें नांव सन २०२४ मधलें, त्यापूर्वीं अहमदनगर. ज्या आज्ञावलींत केवळ नांवावरून स्थळ ओळखलें असेल ती येथें हटकून फसेल. नांवें एकसारखीं असूं शकतात आणि बदलतातही. म्हणून ओळख न बदलणाऱ्या संकेतांकावर ठेवावी व नांव त्याच्या सोबतीस असावें. नव्या सातबाऱ्यावर गांवाच्या नांवाबरोबर संकेतांक छापतात तो याच कारणास्तव.

हत्यारें आणि हात

आतां हत्यारांविषयीं. डेटाबेसमध्यें डोकावण्यासाठीं व आज्ञावली लिहिण्यासाठीं पुष्कळ साधनें आहेत. ओरॅकलसाठीं एस्‌क्यूएल डेव्हलपर, मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेससाठीं मॅनेजमेंट स्टुडिओ, पोस्टग्रेसाठीं पीजीअॅडमिन, अनेक प्रकारच्या डेटाबेसांसाठीं डीबीव्हर. यांपैकीं बहुतेक विनामूल्य मिळतात. कोणतें चांगलें यावर तरुण मंडळी तासन् तास वाद घालितात. पण सुगरणीची कीर्ति तिच्या विळीवर अवलंबून नसते. पाहण्याच्या गोष्टी निराळ्या आहेत. सर्व सहकाऱ्यांच्या हत्यारांची आवृत्ति एकच आहे ना? चालू डेटाबेस व सरावाचा डेटाबेस यांच्या खिडक्यांस निरनिराळे रंग दिले आहेत ना? रोजच्या पाहणीसाठीं केवळ वाचण्याचा अधिकार असलेलें खातें वापरतों ना? नोंदी वगळण्याची आज्ञा देतांना 'कोणत्या नोंदी' ही अट लिहावयाची राहिली तर संपूर्ण तक्ताच रिकामा होतो. म्हणून अशी आज्ञा आधीं व्यवहार उघडून द्यावी, किती नोंदींस स्पर्श झाला तो आंकडा पाहावा, आणि तो अपेक्षेप्रमाणें असेल तरच व्यवहार कायम करावा. नसेल तर मागें फिरवावा. येथेंही पेन्सिल आधीं व शाई मागाहून.

या सावधगिरीचें मोल किती, हें परदेशांतील एका प्रसिद्ध घटनेनें शिकविलें. आज्ञावलींचीं भांडारें सांभाळणें हाच जिचा धंदा, त्या गिटलॅब नांवाच्या कंपनींत ३१ जानेवारी २०१७ रोजीं रात्रीं उशिरां काम करणाऱ्या एका अभियंत्यानें दुय्यम संगणकावरील समजून मुख्य संगणकावरीलच डेटाबेस पुसण्याची आज्ञा दिली. चूक ध्यानांत येऊन हात आंवरेपर्यंत सुमारें तीनशें गिगाबाइटांपैकीं साडेचारच उरले होते. मग राखीव प्रतींचा शोध सुरू झाला. प्रति घेण्याचें एक हत्यार जुन्या आवृत्तीचें, डेटाबेस नव्या आवृत्तीचा. त्यामुळें तें हत्यार बरेच दिवस मुकाट्यानें अपयशी होत होतें, आणि त्या अपयशाची वर्दी देणारीं पत्रें मध्येंच नाकारलीं जात होतीं. सहा तासांपूर्वीं अन्य कामासाठीं घेतलेली एक प्रत हातीं लागली म्हणून निभावलें. तरी मधल्या वेळच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. कंपनीनें हा सर्व वृत्तांत स्वतः प्रसिद्ध केला, हें तिला भूषणावह आहे. तात्पर्य एवढेंच कीं, राखीव प्रत घेतली म्हणजे कर्तव्य संपत नाहीं. तिच्यापासून डेटाबेस पुन्हा उभा करून पाहिला, तरच ती प्रत खरी. कोठीच्या खोलींतील धान्य अधूनमधून उन्हांत घालून न पाहणारी गृहिणी जशी ऐन वेळीं फसते, तसाच हा प्रकार.

आणखी एक गोष्ट बहुधा दुर्लक्षिली जाते. नव्या आज्ञावलीची परीक्षा घेण्यासाठीं पुष्कळदां खऱ्या डेटाबेसची नक्कलच सर्वांच्या हातीं दिली जाते. तींत लोकांचीं नांवें, पत्ते, आजार, कर्जें असतात. जें आपण शेजाऱ्यासही सांगणार नाहीं तें अनोळखी परीक्षकाच्या पडद्यावर कां असावें? नक्कल देण्यापूर्वीं नांवें व खुणा बदलाव्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीं आपल्या देशांत सन २०२३ त स्वतंत्र कायदाही झाला आहे. पण सभ्य मनुष्यास त्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

चावडी-वाचनाचा धडा

सर्वांत मोठा धडा आमच्या मतें चावडी-वाचनाचा आहे. बेरीज जुळते कीं नाहीं हें संगणक क्षणांत सांगतो. पण ज्या सखारामाच्या नांवावर जमीन आहे तो वीस वर्षांपूर्वीं वारला आणि त्याच्या मुलींचीं नांवें वारसांत आलींच नाहींत, हें गांवच सांगूं शकतें. बेरीज बरोबर असूनही लेख अन्यायाचा असूं शकतो. म्हणून ज्यांची माहिती त्यांच्यापुढें ती वाचून दाखविल्यावांचून कोणत्याही डेटाबेसचें काम पुरें झालें असें मानूं नये. बँकेनें खातेदारास, रुग्णालयानें रुग्णास, शाळेनें पालकांस आपापल्या नोंदी सहज पाहतां येतील व चूक दाखवितां येईल अशी सोय ठेवावी, आणि त्या चुकीचा छडा आज्ञावलीपर्यंत लावावा.

याबाबतींत घरच्या मंडळींसही कर्तव्य आहे. वर्षांतून एकदां तरी आपल्या जमिनीचा सातबारा व आठ-अ काढून तो घरांत मोठ्यानें वाचावा. क्षेत्र, नांवें, इतर अधिकार, शेवटचा फेरफार हीं चार स्थळें ताडून पाहावीं. विवाहित मुलींचीं व बहिणींचीं नांवें वारसांत आलीं आहेत कीं नाहींत हेंही पाहावें. आणि घरांतील जी मुलगी किंवा जो मुलगा डेटाबेसच्या कामांत आहे त्यास पगाराच्या आंकड्याऐवजीं एक प्रश्न विचारावा : "तुमच्या कचेरींत आज्ञावली बदलली तर त्या फेरफारावर दुसरी सही कोणाची असते?" उत्तर चटकन् आलें तर समजावें कीं, त्या कचेरीचें दप्तर जागेवर आहे. उत्तर आलें नाहीं, तर कर्जत-खालापुरच्या कोणत्याही चावडींतील फेरफाराचें एक पान त्यास दाखवावें. तो नमुना जुना आहे खरा. पण ज्यांची जमीन त्या पानामुळें वांचली त्यांच्या घरीं तो अद्यापि जपून ठेवलेला आढळेल.